धोटा बदलायचा की माणूस?

जुन्या कापड गिरणीत मागावरच्या विणकराला एक काम दिवसातून शेकडो वेळा करावे लागे. कांडीवरचे सूत संपले की नवी कांडी धोट्यात बसवायची, धोट्याच्या बारीक भोकाला तोंड लावायचे आणि श्वास आत ओढून धाग्याचे टोक बाहेर काढायचे. धोटा एकच, तोंडे अनेक. श्वासाबरोबर सुताची धूळ, खळ, यंत्राचे तेल आणि आधीच्या कामगाराची थुंकी आत जायची. इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये याला 'धोट्याचे चुंबन' म्हणत.

हे काम आरोग्याला घातक आहे, अशी तक्रार तिकडच्या कामगारांनी आणि डॉक्टरांनी केली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली तोंडाने ओढायच्या धोट्यावर कायद्याने बंदी घातली. ब्रिटनमध्ये तशी बंदी यायला १९५२ साल उजाडले. उपाय मात्र दोन्हीकडे एकच होता. हाताने धागा ओवता येईल असा धोटा बनवायचा.

मुंबईच्या गिरण्यांमध्येही हाच धोटा होता आणि त्याच्याबद्दल तक्रारही होती. पण ती वेगळी होती. सवर्ण विणकर म्हणत, अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आमच्या तोंडाला लागला तर आम्ही बाटू. म्हणून अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात घ्यायचे नाही. धोटा तसाच राहिला, तोंडाने ओढणे तसेच राहिले. फक्त माणूस हटवला.

एकाच धोट्यावर जगाने दोन उत्तरे काढली. एक उत्तर म्हणते, धोका वस्तूत आहे, वस्तू बदला. दुसरे म्हणते, धोका माणसात आहे, माणूस बाजूला करा. आमच्या मते भारतातील रोगराईचा, विषारी धंद्यांचा आणि घाण पाण्याचा इतिहास या दोन उत्तरांच्या झगड्याचा इतिहास आहे. आणि कोल्हापूर जिल्ह्यात हा झगडा आजही चालू आहे.

तुझा धंदा काय?

१७०० साली इटलीतील मोडेना शहरातल्या बर्नार्डिनो रामाझिनी नावाच्या डॉक्टरने कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. त्याची सुरुवात कशातून झाली हे आपल्या चळवळीतल्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. त्याच्या घरचा संडासाचा खड्डा उपसायला एक मजूर आला होता. तो जिवाच्या आकांताने घाई करत होता. रामाझिनीने विचारले, एवढी घाई कशाला? मजूर म्हणाला, इथे जास्त वेळ थांबलो तर डोळे जातात. रामाझिनीने मग शहरात चौकशी केली, तेव्हा याच कामातून दृष्टी गमावलेले आणि भीक मागून जगणारे लोक त्याला भेटले.

त्यावरून त्याने डॉक्टरांना सांगितले की रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारून झाले की आणखी एक प्रश्न विचारा: तुझा धंदा काय? त्याच्या ग्रंथात मैला उपसणारे आहेत, कातडी कमावणारे आहेत, खाणकामगार आहेत, कुंभार आहेत. पुढे १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने दाखवून दिले की धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोशाच्या त्वचेचा जो कर्करोग होतो, तो काजळीमुळे होतो. हे काम लहान वयापासून गरिबांची पोरे करत. धंद्यातल्या पदार्थामुळे कर्करोग होतो, हे वैद्यकशास्त्राने नोंदवलेले ते पहिले उदाहरण मानले जाते.

युरोपात हा प्रश्न विचारला गेला तेव्हा रोगाचे कारण सापडले. आपल्याकडे 'तुझा धंदा काय' हा प्रश्न हजारो वर्षे विचारला जात होता, पण रोग शोधण्यासाठी नव्हे. धंदा कळला की जात कळत होती आणि जात कळली की किती अंतरावर उभे करायचे ते ठरत होते. मैला उपसणाऱ्याचे डोळे का जळतात, चुन्याच्या कुंडात दिवसभर हात घालणाऱ्याची कातडी का फाटते, हे कोणी विचारले नाही. ज्ञान ज्यांच्या हाती होते त्यांचा या कामांशी स्पर्श नव्हता, आणि ज्यांचा स्पर्श होता त्यांच्या हाती लेखणी नव्हती. जातीने श्रमिकांची विभागणी केली, असे बाबासाहेब म्हणत. त्यात आम्ही एवढेच जोडतो की जातीने विषाचीही विभागणी केली.

विटाळ आणि विष

विटाळाची कल्पना नीट तपासली तर तिच्यातला उलटेपणा दिसतो. घाण, मैला, मेलेले जनावर या गोष्टींपासून शरीराला धोका असतो, हे माणसाला फार पूर्वीपासून कळत असावे. पण ब्राह्मणी व्यवस्थेने तो धोका वस्तूवरून काढून माणसावर चिकटवला. मैला उचलणारा आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून आला तरी अस्पृश्यच. आणि ज्याच्या घरचा मैला तो उचलतो तो मात्र शुद्ध. यामुळे घाण कमी करण्याची गरजच उरली नाही. ती उचलायला माणसे जन्मानेच ठरलेली होती. फुकटात माणूस मिळत असेल तर यंत्र कोण शोधेल?

महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' केले. म्हणजे शेण आणि गोमूत्र पिण्याच्या पाण्यात टाकले, आणि माणसाच्या स्पर्शाने आलेला विटाळ त्याने गेला असे जाहीर केले. विटाळ आणि विष यांची गल्लत माणसाला कुठे नेते, याचे याहून उघडे उदाहरण आमच्या माहितीत नाही.

महाडच्या त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, असे आवाहन केले होते. त्याचा अर्थ आपण बहुतेक वेळा फक्त स्वाभिमानाच्या बाजूने लावतो. स्वाभिमान त्यात आहेच. पण रोगाने मेलेले जनावर ओढणे, सोलणे आणि खाणे यात शरीराचा धोकाही आहे. काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स हा रोग मेलेल्या जनावराच्या कातडीतून आणि मांसातून माणसाला होतो. ज्याने हे काम सोडले त्याने अपमानाबरोबर रोगाचेही एक दार बंद केले.

महाडच्या आधीचा धागा कोल्हापूर संस्थानात आहे. छत्रपती शाहू महाराजांनी १९१९ साली हुकूम काढून शाळा, दवाखाने, पाणवठे, सरकारी इमारती या ठिकाणी अस्पृश्यांना समतेने वागवण्याची सक्ती केली. दवाखान्याचा उल्लेख इथे महत्त्वाचा आहे. ज्याला वैद्य शिवत नाही त्याच्या रोगाची नोंद होत नाही, आणि ज्या रोगाची नोंद नाही त्याचे कारण कोणी शोधत नाही. मार्च १९२० मध्ये कागल परिसरातल्या माणगावात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, तिला महाराज स्वतः हजर राहिले. दवाखान्याचे दार उघडणारा राजा आणि पुढे कारखान्याचा कायदा हलवणारा नेता हे त्या मांडवात एकत्र होते.

मजूरमंत्री बाबासाहेब

पुन्हा गिरणीकडे येऊ. विणाई खात्यात पगार जास्त होता. अस्पृश्य कामगार प्रामुख्याने सूत काढण्याच्या खात्यात अडकला होता. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि विणाई खाते सर्वांना खुले करा, अशी मागणी केली. वर्गलढ्याच्या गोष्टी करणाऱ्यांना ती पचायला जड गेली.

या इतिहासाला एक दुसरी बाजू आहे, ती आपल्याकडे कमी बोलली जाते. कापसाची धूळ कुठे जास्त असते? कापूस फोडणे, पिंजणे या सुरुवातीच्या खात्यांत सर्वात जास्त, सूतकताईत त्याखालोखाल आणि विणाईत त्याहून कमी. या धुळीने फुप्फुसाचा जो रोग होतो त्याला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, आणि वर्षे गेली की दम कायमचा लागतो. म्हणजे विणाईचे दार बंद करून जातीने कामगाराचा पगार कापला आणि त्याच्या वाट्याला धूळही जास्त दिली. आज आपण ज्याला विषारी पदार्थांचा संपर्क म्हणतो, तो गिरणीत जातीच्या हिशेबाने वाटला जात होता.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि १९४६ पर्यंत राहिले. या चार वर्षांची यादी आपण भाषणात म्हणतो, पण आरोग्याच्या नजरेने ती क्वचित वाचतो. १९४४ साली कामगारांच्या स्थितीची पाहणी करायला रेगे समिती नेमली गेली. त्याच वर्षी बी. पी. आडारकर यांचा आरोग्य विम्याचा अहवाल आला, त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकाराला आला. १९४५ साली कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचे केंद्रीय कार्यालय सुरू झाले. कारखान्यातील सुरक्षितता आणि आरोग्य यावर सरकारला तांत्रिक सल्ला देणे हे त्याचे काम. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले.

कामाचे तास कमी करणे ही विश्रांतीची मागणी आहेच, पण ती विष कमी करण्याचीही मागणी आहे. शरीरात किती विष जाते हे दोन गोष्टींवर ठरते: हवेत ते किती आहे आणि त्या हवेत आपण किती वेळ आहोत. आठवड्याला सहा तास कमी म्हणजे सहा तासांची धूळ कमी.

या तयारीतून १९४८ चा कारखाने कायदा उभा राहिला. त्यात सांडपाण्याची विल्हेवाट, धूळ आणि धूर हटवणे यासाठी स्वतंत्र कलमे आली. कामगाराने तोंडाला फडके बांधावे, असे सांगून धुळीचे कलम थांबत नव्हते. धूळ जिथे निर्माण होते तिथेच, शक्य तितक्या जवळ, ती ओढून घेणारी यंत्रणा बसवा, असे ते मालकाला सांगत होते. म्हणजे धोटा बदला. याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत शिसे, पारा, आर्सेनिक यांच्या विषबाधेपासून सिलिकोसिस आणि बिसिनोसिसपर्यंत रोगांची यादी होती. कारखान्यातल्या कामगाराला असा रोग दिसला तर डॉक्टरने मुख्य निरीक्षकाला कळवलेच पाहिजे, असे ८९ वे कलम सांगत होते. रामाझिनीचा प्रश्न अखेर कायद्यात आला.

संविधानात हेच तत्त्व आहे. कामगारांच्या आरोग्याचा आणि ताकदीचा गैरवापर होऊ नये असे कलम ३९ सांगते, कामाची परिस्थिती न्याय्य आणि माणुसकीची असावी असे कलम ४२ सांगते, सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे असे कलम ४७ सांगते.

भोपाळनंतर

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू सुटला. कारखान्याला लागून असलेल्या गरीब वस्त्या सर्वात आधी मेल्या. आत काय साठवले आहे, ते सुटले तर काय करायचे, हे त्या वस्त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि १९८७ साली कारखाने कायद्यात घातक प्रक्रियांचे नवे प्रकरण घातले गेले. घातक पदार्थांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणे, कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे, कामगारांचा समान वाटा असलेली सुरक्षा समिती नेमणे हे मालकावर बंधनकारक झाले. हवेत कोणता पदार्थ किती असला तर चालेल याच्या मर्यादाही ठरल्या. २७ जानेवारी १९९५ रोजी ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की कामगाराचे आरोग्य हा कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

घातक प्रक्रियांच्या उद्योगांच्या त्या यादीत फौंड्री आहे. इथून विषय थेट आमच्या जिल्ह्यात येतो.

आमच्या जिल्ह्यात

कोल्हापूर हे फौंड्रीचे शहर आहे. उद्यमनगरातल्या छोट्या कारखान्यांपासून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींपर्यंत ओतकामाचा पसारा आहे. साचा वाळूचा असतो आणि वाळूत सिलिका असते. साचा फोडताना, कास्टिंगवरची वाळू काढताना, फेटलिंगमध्ये घासताना ही धूळ उडते. जी डोळ्यांना दिसते ती धूळ नाकात आणि घशात अडकते. जी दिसत नाही, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून बारीक असते, ती फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तिथे व्रण करते. हाच सिलिकोसिस. तो बरा होत नाही. त्याने क्षयाचा धोकाही वाढतो, आणि एक्सरे क्षयासारखा दिसू शकतो. म्हणून अनेकदा कामगाराला क्षयाच्या गोळ्या मिळतात आणि तो पुन्हा त्याच धुळीत जातो. स्फटिक सिलिकाला जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे.

वस्तीत काम करताना आम्ही पाहतो की फेटलिंगचे काम बहुधा कंत्राटी पोरांकडे असते. त्यात उत्तरेकडून आलेले मजूर असतात आणि आपल्या वस्त्यांतली दहावी-बारावी सुटलेली मुलेही असतात. ठेकेदार बदलला की नाव बदलते आणि आरोग्याची नोंद कुठेच राहत नाही. मालक म्हणतात, मास्क देतो पण हे लावत नाहीत. भट्टीच्या उष्णतेत आठ तास फडक्याचा मास्क लावून बघा. शिवाय साधे फडके ती बारीक धूळ अडवतही नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी कास्टिंग साफ करायला वाळूचा मारा करणे बंद केले आणि पोलादी छर्रे वापरायला लावले. तिथे धोटा बदलला. आपल्याकडे अजून माणूस बदलला जातो: एक खोकायला लागला की दुसरा येतो.

गटाराची गोष्ट सर्वांना माहीत आहे, तरी तिचे विज्ञान सांगितले पाहिजे. बंद गटारात हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला, म्हणजे धोका गेला असे समजून माणूस खाली उतरतो. म्हणून 'तो सावध नव्हता' असे म्हणणारा एकतर अडाणी आहे किंवा ढोंगी. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणे गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मृताच्या कुटुंबाला १० लाख आणि २०२३ साली ३० लाख रुपये भरपाई ठरवली. भरपाई हवीच. पण भरपाई हा मेल्यानंतरचा हक्क आहे. रामाझिनीच्या मजुराला तीनशे वर्षांनंतरही आपण खड्ड्यातून बाहेर काढलेले नाही.

शेतात जा. उसात तण मारायला २,४-डी आणि ॲट्राझीनसारखी औषधे फवारली जातात. 'औषध' हा शब्दच फसवा आहे, ते विष आहे. फवारणारा बहुधा जमिनीचा मालक नसतो, रोजंदारीवरचा असतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वेळीही चर्चा सुरू झाली ती हातमोजे आणि चष्म्याची. भर उन्हात, डोक्याच्या वर गेलेल्या कपाशीत रबरी पोशाख घालून कोण राबेल? इतके जहाल विष बाजारात का आहे, हा पहिला प्रश्न असायला हवा होता.

आणि नदी. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लुप्त मानलेली सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. या मधल्या प्रवासात जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून शहराचे सांडपाणी, कारखान्यांचे पाणी, इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेचे रंगीत पाणी तिला येऊन मिळत आले आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, हजारो आजारी पडले, माणसे दगावली. प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. कसबा बावड्याला ७६ दशलक्ष लिटरचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र झाले, ही लढ्याची कमाई आहे. तरी शिरोळकडच्या बंधाऱ्यांत मेलेल्या माशांचे फोटो उन्हाळ्यात अजून येतात.

काविळीनंतर ज्यांना परवडले त्यांनी घरात फिल्टर बसवले, जारचे पाणी सुरू केले. ज्यांना परवडले नाही ते नळाचे पीत राहिले. आमचा आक्षेप फिल्टरला नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो बाजूला झाला की नदी साफ करण्याचा आवाज कमी होतो, यावर आहे. चवदार तळे सार्वजनिक होते म्हणून तो लढा सर्वांचा झाला. पाणी बाटलीत गेले की तळ्यासाठी कोण उभे राहणार?

आपल्यातलेच काही आक्षेप

चळवळीतले मित्र म्हणतात, पर्यावरण हा पोटभरल्या लोकांचा विषय आहे, आपण अत्याचार आणि आरक्षण यावर बोलू. आम्हाला उलट वाटते. अत्याचारात निदान एफआयआर होते. फुप्फुसात वर्षानुवर्षे साठलेल्या वाळूचा एफआयआर होत नाही. पस्तिशीत दम लागणारा बाप, शाळा सोडून कामाला लागलेला मुलगा, औषधासाठी काढलेले कर्ज, या साखळीला आपण 'नशीब' म्हणतो. बाबासाहेबांनी ज्याला नशीब म्हणायला नकार दिला, त्यातलीच ही गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. नियम लावले तर कारखाने जातील. हेच १९४६ साली ४८ तासांबद्दलही म्हणता आले असते. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. गाड्या थांबल्या नाहीत. कोणाला मास्क लावायला सांगावे लागले नाही. शिसे टाकीतून काढले, म्हणून सिग्नलवर फुले विकणाऱ्या पोराच्या आणि बंगल्यातल्या पोराच्या श्वासातून ते एकाच दिवशी कमी होऊ लागले. विष मुळाशी काढले की संरक्षण जात बघत नाही. मास्क, हातमोजे, फिल्टर, जार हे मात्र पैसा बघतात.

कोल्हापुरी चप्पल हे आमच्या घरातलेच उदाहरण आहे. आपल्या ढोर आणि चर्मकार समाजाने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावले, चामड्याच्याच वादीने शिवले. क्रोमियम नाही, विषारी गोंद नाही. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे कमी विषारी तंत्र आपल्याच पूर्वजांच्या हातात होते. व्यवस्थेने त्या हाताला अपवित्र म्हटले आणि त्याचे ज्ञान मोजलेच नाही.

मग करायचे काय?

बुद्धाने दुःख सांगितले, दुःखाचे कारण सांगितले आणि कारण दूर केले की दुःख दूर होते हे सांगितले. रोग टाळण्याचे सगळे शास्त्र या वाटेने जाते. कारण सोडून फक्त दुःखावर फुंकर घालणे हा आपला मार्ग नव्हे.

म्हणून पहिली गोष्ट: सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर धंद्याचा रकाना भरला जातो का ते बघा. 'मजूर' एवढे लिहून चालणार नाही. कसला मजूर, किती वर्षे, कोणत्या धुळीत किंवा कोणत्या फवाऱ्यात, हे लिहायला लावा. फौंड्रीत काम केलेल्या क्षयरोग्याची सिलिकोसिससाठी तपासणी मागा. निदान झाले तर निरीक्षकाला कळवण्याचे डॉक्टरांचे कर्तव्य त्यांच्या लक्षात आणून द्या.

दुसरी: शासनाकडे धोरण मागा. राजस्थानने २०१९ साली सिलिकोसिसग्रस्तांसाठी धोरण केले, रोगाचा दाखला मिळताच ३ लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख रुपयांची मदत ठरवली. ते खाणकामगारांच्या संघटनांनी रेटून मिळवले. महाराष्ट्रातल्या फौंड्री आणि दगडखाण कामगारांसाठी आपण ते का मागू नये?

तिसरी: २०२० साली संसदेने मंजूर केलेली सुरक्षा व आरोग्याची संहिता वाचा. 'कारखाना' ठरण्यासाठी वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० ऐवजी २० आणि विजेशिवाय २० ऐवजी ४० कामगारांची अट तिने घातली. छोटे कारखाने कारखान्यांच्या कडक तरतुदींतून निसटण्याची वाट यातून रुंद होते, आणि आपली पोरे छोट्या कारखान्यांतच जास्त आहेत. बाबासाहेबांच्या काळात उभा राहिलेला कायदा कसा झिजवला गेला हे जयंतीच्या व्यासपीठावरून सांगितले पाहिजे.

चौथी: गटारात माणूस उतरला की मृत्यूची वाट न बघता तक्रार करा. उतरवणे हाच गुन्हा आहे.

प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच विचारायचा. इथे वस्तू बदलली की माणूस बदलला? यंत्रणा बसवली की ठेकेदार बदलला? नदी साफ झाली की जार आले? जात टिकते ती माणूस बदलण्यावर. तिला हरवायचे तर प्रत्येक कारखान्यात, गटारावर, बांधावर आणि नदीकाठी धोटा बदलायला लावावा लागेल. त्यासाठी शिकावे लागेल, संघटित व्हावे लागेल आणि संघर्ष करावा लागेल. तोही आपली माणसे जिवंत असताना, त्यांच्या तेराव्यानंतर नव्हे.

जय भीम!